फोटोशॉपमधला तो पांढरा हात

बदलापूर स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत यायचं म्हटलं, तर वाटेत कॉम्प्युटर क्लासच्या पाचसहा पाट्या लागतात. त्यातल्या निम्म्यांवर तरी 'फोटोशॉप' हा शब्द असतोच. शेजारची एक मुलगी अशाच एका क्लासला जाते. पहिल्या आठवड्यात काय शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मागचं बॅकग्राऊंड काढून टाकायचं, चेहरा गोरा करायचा आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायचं." मी म्हटलं, अगं, आणि चित्रात इकडून तिकडे जायचं कसं, ते? तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला रस्ता ओलांडायला येतो का म्हणून विचारलं होतं. "ते काय शिकायचं, आजी? माऊसने जातो की आपण!"

माझं म्हणणं असं आहे की हा क्रमच उलटा आहे. फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला धडा असावा तो चित्र न बदलता, पडद्यावरचं दृश्य हवं तिथे आणि हवं तेवढंच सरकवण्याचा. नेमकं सरकवण्याचा. पुसणं, जोडणं, रंगवणं हे सगळं त्यानंतर. हे वाचून माझे भाचे-पुतणे हसणार, ते मला इथे बसून दिसतं आहे. पण सदतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला क्रमाबद्दल बोलण्याचा थोडा तरी हक्क असावा.

ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते (आमच्या वन्सं वाचणार आहेत, म्हणूनही). स्कॅन केलेला जुना फोटो कॉम्प्युटरवर उघडला की तो पूर्ण दिसावा म्हणून लहान करून दाखवला जातो. त्यात डाग, भेगा, बुरशी काही नीट कळत नाही. कळायला तो मोठा करावा लागतो. मोठा केला की पडद्यावर मावत नाही. मग आपल्याला दिसतो तो फक्त एक तुकडा, खिडकीतून दिसतो तसा. बाकीचा फोटो खिडकीच्या आड. तो बघायचा तर एक तर खिडकी सरकवा, नाहीतर खिडकीमागचा फोटो. परिणाम एकच, पण डोक्यात गोंधळ इथेच सुरू होतो. बाजूची सरकपट्टी खाली ओढली की फोटो वर जातो, आणि हाताचं चिन्ह घेऊन खाली ओढलं की फोटो खाली येतो. कल्याण स्टेशनात आपली गाडी उभी असताना शेजारची सुटते आणि क्षणभर आपणच निघाल्यासारखं वाटतं ना, तसंच हे. दोनचार दिवसांत सवय होते.

हे हाताचं चिन्ह तसं जुनं आहे. १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला, त्याच्याबरोबर बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला मॅकपेंट नावाचा चित्रं काढायचा प्रोग्राम होता. त्यातलं चित्र पडद्यावरच्या खिडकीपेक्षा मोठं होतं, म्हणून ते धरून सरकवायला एक छोटासा हात दिला होता. फोटोशॉप आलं १९९० मध्ये आणि फुकट मिळणारं गिंप १९९६ मध्ये. हात मात्र चाळीस वर्षं टिकून आहे. ॲटकिन्सन २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्या हाताला रोज हात लावणाऱ्या किती जणांना त्यांचं नाव ठाऊक असेल कोण जाणे. असो.

आता मुद्द्याचा फरक. एक असतं दृश्य सरकवणं आणि दुसरं असतं चित्रच सरकवणं. हात घेतला तर दृश्य सरकतं. त्याच पेटीत चार बाण असलेलं दुसरं हत्यार असतं, त्याला मूव्ह टूल म्हणतात. ते घेऊन ओढलं तर थर, म्हणजे लेयर, जागचा हलतो. फोटो खरोखर बदलतो. पडद्यावर बघताना दोन्ही गोष्टी जवळजवळ सारख्याच दिसतात. नवी मुलं इथे फसतात, आणि मग कडेला पांढरी पट्टी कुठून आली ते त्यांना कळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. हिस्ट्रीची यादी उघडी ठेवा. दृश्य पन्नास वेळा सरकवलंत तरी त्या यादीत एकही नोंद पडत नाही. थर केसभर हलला तरी पडते. याच कारणाने कंट्रोल-झेड दाबून मागचं दृश्य परत येत नाही. ते तुमचं तुम्हाला शोधत जावं लागतं. गिंपमध्ये तर स्पेसबारने नेमकं काय व्हावं हे सेटिंगमध्ये ठरवता येतं: दृश्य सरकावं, मूव्ह टूल हातात यावं, की काहीच होऊ नये. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसाल तेव्हा आधी हे बघून घ्या.

आणि दोन्हींचे रिवाजही वेगळे. माऊसच्या चाकाने दोन्हींत दृश्य वर-खाली जातं. पण कंट्रोल दाबून चाक फिरवलं तर फोटोशॉपमध्ये ते आडवं सरकतं आणि गिंपमध्ये मोठं-लहान होतं. गिंपमध्ये आडवं जायला शिफ्ट. गिंपमध्ये स्पेसबार दाबून नुसता माऊस हलवला तरी पुरतं, फोटोशॉपमध्ये बटणही दाबून धरावं लागतं. सासर-माहेरच्या रीतींसारखं आहे, दोन्ही लक्षात ठेवायच्या आणि तक्रार करायची नाही.

आमच्या चौकात फ्लेक्स छापणारा एक मुलगा आहे. दादा, भाऊ, साहेब यांच्या वाढदिवसाचे फलक करतो, एकेका फलकावर तीसचाळीस डोकी. त्याच्या कलेबद्दल मी काही बोलत नाही. पण त्याला काम करताना एकदा उभं राहून पाहा. डाव्या हाताचा अंगठा स्पेसबारवरून निघत नाही. उजव्या हातात ब्रश असतो, अंगठा दाबला की ब्रशचा हात होतो, दृश्य सरकतं, अंगठा सोडला की पुन्हा ब्रश. मधे एकदाही माऊस हत्यारांच्या पेटीकडे जात नाही. त्याला हे कोणी क्लासात शिकवलेलं नाही, रात्री बारापर्यंत फलक द्यायच्या घाईने शिकवलंय. मी स्पेसबार त्याच्याकडून शिकले आणि बदल्यात त्याच्या फलकांवरचे 'हार्दीक शुभेच्छा' दुरुस्त करून दिले.

पण त्याची गरज वेगळी आणि आपली वेगळी. त्याला चेहऱ्यावरून चेहऱ्यावर उडी मारायची असते. जुना फोटो साफ करणाऱ्याला प्रत्येक जागी जायचं असतं, जिथे बघण्यासारखं काही नाही असं वाटतं तिथेसुद्धा. हाताने ओढत गेलं तर ते होत नाही. आपण नकळत चेहऱ्यांकडे, दागिन्यांकडे, ओळखीच्या वस्तूंकडे ओढले जातो. एक कोपरा तीनदा बघून होतो आणि दुसरा राहूनच जातो. तांदूळ निवडायचे तर आपण ताटात इकडे तिकडे बोटं घालत नाही. एका कडेने मूठभर पुढे ओढतो, बघतो, बाजूला करतो, मग पुढची मूठ. बघितलेले आणि न बघितलेले यांच्यामधली वाट मोकळी ठेवतो. फोटोचं तसंच करायला हवं.

फोटोशॉपमध्ये त्याची सोय आहे, पण ती क्लासात कोणी सांगत नाही. होम दाबलं की दृश्य डाव्या वरच्या कोपऱ्यात जातं. पेज डाऊन दाबलं की बरोबर एक पडदा खाली. कंट्रोल आणि पेज डाऊन दाबलं की एक पडदा उजवीकडे, कंट्रोल आणि पेज अप दाबलं की डावीकडे. शिफ्ट जोडलंत की पडद्याऐवजी अगदी थोडंसं सरकतं, एखादा डाग नेमका कडेवर कापला गेला असेल तर तेवढ्यापुरतं. शेवटी एंड दाबून उजवा खालचा कोपरा गाठला की खात्री करून घ्यायची. आणखी एक सांगते. फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये फ्लिक पॅनिंग नावाची एक गंमत आहे. हाताने ओढून सोडून दिलं की दृश्य बर्फावरून घसरावं तसं आपोआप पुढे वाहत जातं. मुलांना फार आवडते. ती बंद करा. गिंपमध्ये पेज अप-पेज डाऊन दुसऱ्या कामाला लावलेले आहेत, तिथे मी जाळी वापरते. व्ह्यू मेनूत शो ग्रिड आहे, चौकोन किती पिक्सेलचा ते आपण ठरवायचं आणि एकेक चौकोन पुरा करायचा. जाळी फक्त पडद्यावर दिसते, छापलेल्या फोटोत येत नाही.

आता हिशेब करू. (गणिताचे मास्तर नव्हतो आम्ही, मराठी आणि इतिहास, पण एवढं येतं.) चार इंच रुंद, सहा इंच उंच फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. माझ्या साध्या पडद्यावर मेनू-बिनू वगळून साधारण १००० बाय ६०० एवढी जागा उरते. शंभर टक्के आकाराला आडवे तीन आणि उभे सहा, म्हणजे अठरा पडदे. बारीक काम दोनशे टक्क्यांना करायचं, तिथे पडद्यात ५०० बाय ३०० पिक्सेल मावतात. आडवे पाच, उभे बारा, एकूण साठ पडदे. एका पडद्याला पाचदहा मिनिटं धरली तर एका फोटोला आठवडा जातो. एवढा वेळ कशाला घालवायचा, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यासाठीच हा लेख.

माझी एक जुनी सहकारी उल्हासनगरला राहते, कॅम्प नंबर चारला. आम्ही दोघी अंबरनाथच्या एका शाळेत होतो, ती हिंदी शिकवायची. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना राहायला दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी होऊन तिचं उल्हासनगर झालं, हे तुम्हाला ठाऊक असेल. जुने लोक पत्ता अजून कॅम्पाने आणि बराकीनेच सांगतात. तर हिच्याकडे पन्नासच्या दशकातला एक फोटो आहे. बराकीसमोर तीन रांगांत बसलेली आणि उभी माणसं. तिने आयुष्यभर मोजलेली चौतीस. चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. तिची आई ती लहान असतानाच गेली, आणि आईचा एकही फोटो घरात नाही. सिंधमधून निघताना कोणी फोटो बरोबर घेतले नव्हते आणि इथे आल्यावर काढायला पैसे नव्हते. या चौतिसांत आई असेल का, हा तिचा प्रश्न. मुलांनी मोबाईलवर दोन बोटांनी मोठा करून एकेक चेहरा पाहिला होता आणि नाही म्हणून सांगितलं होतं.

फोटो मी स्कॅन केला. दोघी बसलो. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, तर ती कंटाळली. वर नुसती कौलं होती, भिंत होती. ती म्हणे, खाली चल, माणसांत चल. मी म्हटलं, क्रमाने जाऊ. दुसऱ्या ओळीच्या शेवटी उजव्या कडेला बराकीचं दार आलं. दारात सावली होती. उजेड थोडा वाढवला, तर त्या सावलीत कोणीतरी उभं होतं. बाई. ओढणीचं टोक दातांत धरलेलं, कमरेवर भांडं, अर्धा चेहरा चौकटीच्या आड. फोटो काढायला म्हणून ती आलेलीच नव्हती, कामाच्या मधे थबकून बघत होती. चौतिसांच्या मोजणीत ती कोणाच्याच आली नव्हती, कारण बोटं जातात ती रांगेत बसलेल्यांकडे, दाराकडे कशाला जातील? माझी मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओढणी अशीच धरायची." ती तिची आईच, असं मी पुराव्यानिशी सांगू शकत नाही. ती सांगते. तिच्या घरी आता त्या अर्ध्या चेहऱ्याचा फोटो भिंतीवर आहे.

मी त्यात काही रंगवलं नाही. अर्धा आहे तो अर्धाच ठेवला. एआयवाल्या एका ॲपमध्ये टाकून तिच्या नातवाने उरलेला अर्धा पुरा करून आणला होता, छान गोरी, हसरी बाई. मैत्रिणीने बघितलं आणि म्हणाली, ही कोण?

इथे माझा त्या सगळ्या एका टिचकीच्या दुरुस्तीशी वाद आहे. वाद म्हणजे सरसकट विरोध नाही. आभाळातल्या भेगा, भिंतीवरचे ओरखडे, पिवळट पडलेला रंग हे यंत्राने दोन सेकंदांत करावं, माझी काही हरकत नाही. मी स्वतः करून घेते. लग्नाच्या घोळक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा असेल तर साठ पडदे कोणी करत बसू नये. पण यंत्राने आपली माणसं पाहिलेली नसतात. त्याने हजारो दुसरी माणसं पाहिलेली असतात, आणि जिथे फोटोत कमी असतं तिथे ते त्या हजारांमधून भर घालतं. ते अंदाज करतं, पण इथे मी अंदाज केला आहे असं कुठे लिहून ठेवत नाही. परीक्षेत उत्तर येत नसताना सुवाच्य अक्षरात काहीतरी ठोकून देणारी मुलं असायची, त्यांची आठवण होते. तपासणाऱ्याचं अर्धं लक्ष अक्षराकडे जातं.

जवळून बघूनही माणसाचा अंदाज चुकू शकतो, याचा एक दाखला आमच्या शेजारीच आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूने एक शिलालेख आहे. १८६८ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने या देवळाची मापं, रेखाचित्रं, फोटो आणि साचे करवून घेतले. लेख वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांनी साल वाचलं शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे असं दाखवलं. शके ९८२, इसवी सन १०६०. लेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचं नाव आहे, आणि तो अकराव्या शतकातला, त्यामुळे ते जुळतंही. आज सगळे १०६० च धरतात. एका आकड्याच्या वळणाने देऊळ दोनशे वर्षं मागेपुढे झालं! भाऊ दाजी काही साधा माणूस नव्हता, एवढा मोठा विद्वान. आणि तरीही दुसऱ्याने त्याच जागी जाऊन पुन्हा बघावं लागलं. बघता आलं, कारण दगड जसा होता तसा होता. कोणी मधल्या काळात तो सातचा आकडा छान ठळक करून ठेवला असता तर?

हा दाखला मी मुलांना शाळेतही सांगायचे, सहलीला देवळात नेलं की. अंबरनाथची मुलं, त्यांना देवळाचं काय अप्रूप, पण सात की नऊ म्हटलं की सगळी माना वर करून उभी राहायची.

आता घरचं. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात शिरली तेव्हा आमच्या सासरचं जुनं घर पश्चिमेला तळमजल्यावर होतं. कपाटाच्या खालच्या खणात अल्बम होते, ते चिकट पानांचे, वर प्लास्टिक असलेले. त्या पावसात बदलापुरातल्या कितीतरी घरांमध्ये अशीच पुडकी भिजली. पुढे २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हा सगळ्या देशाला उल्हास नदी माहीत झाली, पण आमची तिच्याशी जुनी ओळख. अल्बम वाळवले, पण फोटो प्लास्टिकला चिकटले आणि बुरशीचे ठिपके पडले. सासूबाईंचा एकटीचा असा एकच फोटो, तोही त्यातच.

सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदण होतं. बारीक हिरवट ठिपके. त्यांच्या पिढीच्या बायकांना लहानपणीच गोंदवून घेत. आता तुम्हीच विचार करा, काळ्यापांढऱ्या फोटोत हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका आणि बुरशीचा ठिपका यांत फरक काय दिसणार? एका पुतण्याने हा फोटो यंत्रातून काढून आणला तेव्हा हनुवटी स्वच्छ झाली होती, एकही ठिपका नाही. कपाळावरची आठीसुद्धा गेली होती. सगळ्यांना आवडला. "आजी किती तरुण दिसते!" वन्सं तेवढ्या गप्प बसल्या. नंतर मला म्हणाल्या, "वहिनी, आईचं गोंदण पुसलं गं त्याने."

त्यावर उपाय एकच, जिथे गोंदण नक्की गोंदणच आहे असा दुसरा फोटो. पुरात न सापडलेला एक मिळाला, पुण्याच्या चुलत दिरांकडे, मुंजीतला. घोळक्यातला आहे आणि सासूबाई किंचित डावीकडे वळलेल्या आहेत, पण स्वच्छ आहे. दोन्ही स्कॅन करून शेजारी शेजारी उघडले. फोटोशॉपमध्ये विंडो मेनूत अरेंज, आणि त्यात मॅच झूम अँड लोकेशन असं आहे. दोन्ही खिडक्या सारख्याच मोठ्या आणि सारख्याच जागी येतात. मग शिफ्ट दाबून धरून हाताने सरकवलं की दोन्ही फोटो बरोबरीने सरकतात. अर्थात दोन्हींत चेहऱ्याचा आकार एक असायला हवा, तो आधी जुळवून घ्यावा लागतो. हे एकदा जमलं की डावीकडच्या फोटोत हनुवटीवर उभे राहा, उजवीकडचा आपसूक तिथेच येतो. पाठ केलेलं लिहिणं आणि समोर मूळ प्रत ठेवून ताडून बघणं, एवढा फरक पडतो.

अशा प्रकारे दोन ठिपके पक्के झाले. दोन्ही फोटोंत आहेत, त्याच अंतरावर. गालाजवळचे चार नक्की बुरशीचे, ते काढले. हनुवटीच्या उजव्या अंगाला, जिबणीशी एक तिसरा आहे. पुराच्या फोटोत दिसतो, मुंजीच्या फोटोत सासूबाई वळल्यामुळे ती बाजूच दिसत नाही. वन्सं म्हणतात तीनच होते. मोठ्या जाऊबाई म्हणतात दोन. मला विचाराल तर मला आठवत नाही, त्या आमच्या लग्नानंतर चारच वर्षांत गेल्या आणि सासूच्या तोंडाकडे टक लावून बघण्याचे ते दिवस नव्हते.

म्हणून नातेवाईक मंडळींना विनंती. येत्या मार्गशीर्षात त्यांचं शंभरावं वर्ष आहे, तेव्हा फोटो मोठा करून लावायचा आहे. कोणाकडे सासूबाईंचा समोरून किंवा उजव्या बाजूने काढलेला कुठलाही फोटो असेल, कितीही लहान, कितीही फाटका, तर पाठवा. पाठवताना एवढं करा. मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, स्कॅन करा, ६०० डीपीआयने. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर फोटो म्हणून पाठवू नका, तो आक्रसून येतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागची बाजूही स्कॅन करा, कारण मागे पेन्सिलीने साल लिहिलेलं असतं. आणि कृपा करून आधी कुठल्याही ॲपमधून 'सुधारून' पाठवू नका, डाग असू देत.

नाशिकच्या मंडळींच्या वास्तुशांतीला त्या गेल्या होत्या आणि तिथे फोटोग्राफर बोलावला होता, एवढं वन्संना पक्कं आठवतं. ती पेटी माळ्यावर असेल तर दिवाळीच्या साफसफाईत जरा बघाल का?